‘मागील दिवे बंद’

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून नव्हे, आळसानं. माझ्या व्हॅनचे मागचे दोन्ही दिवे लख्ख पेटलेले असताना तुम्ही कागदावर ‘मागील दिवे बंद’ असं लिहून खाली सही ठोकलीत. ते दिवे तुमच्या खुर्चीपासून दहा पावलांवर होते.

व्हॅन एकवीस वर्षांची आहे. तिच्यातून मी चार मुलांना शाळेत नेतो. चौघंही चाकाच्या खुर्चीतली. मागचं दार उघडायचं, फळी लावायची, खुर्ची हळूहळू चढवायची, तशीच उतरवायची. तेवढा वेळ रस्त्याकडे माझी पाठ. गेल्या थंडीत, सकाळच्या धुक्यात, एक ट्रक फळीपासून हातभर अंतरावर थांबला. फळीवर सात वर्षांची मुलगी होती. ड्रायव्हर खाली उतरला, पांढराफटक पडलेला. म्हणाला, “काका, तुमचे दिवे दिसलेच नाहीत हो.” त्याला शिवी द्यायला तोंड उघडलं आणि मागे वळून पाहिलं. लाल काचेमागे बल्ब नुसते धुगधुगत होते. शिवी गिळली.

माझा मेहुणा गाड्यांचं वायरिंग करतो. त्यानं अख्खा रविवार घालून मागचे, ब्रेकचे, इंडिकेटरचे सगळे बल्ब काढले आणि एलईडी बसवले. होल्डर घासले, गंजलेली तार बदलली. इंडिकेटर वेड्यासारखे फडफडायला लागले, तर त्यांची उघडझाप करणारा रिलेही बदलला.

“दाजी, बघा, म्हातारी कशी नटलीय!”

बायको दारातून म्हणाली, “तिला नटवा. माझ्या स्वयंपाकघरातला दिवा तीन महिने गेलाय, तो दिसत नाही कुणाला.”

मग गाडीच्या पासिंगसाठी आम्ही तुमच्या दारात आलो. तुमची तपासणी म्हणजे काय, ते चार लोकांना कळू दे. साहेब खिडकीआड बसतात. शिपाई दिव्याच्या तारेला मीटरचा चिमटा लावतो आणि काटा कुठे गेला ते ओरडून सांगतो. काटा हिरव्या पट्ट्यात गेला की दिवा चालू. एलईडी वीज कमी खातो, हे घरात दिवे लावणाऱ्या कुणालाही माहीत आहे. काटा हिरव्यापर्यंत पोचला नाही.

“बंद!” शिपाई ओरडला. त्याच्या विजारीवर माझ्या दिव्याचा लाल उजेड पडला होता.

तुम्ही लिहिलंत, बंद.

मेहुणा खिडकीशी गेला. “साहेब, एकदा उठून बघा तरी.”

“बघायचं काय त्यात? मीटर सांगतोय ना.”

“मीटर वीज मोजतो, साहेब. उजेड नाही मोजत.”

“मला शिकवू नका. पुढची गाडी!”

“चला दाजी,” मेहुणा मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, “साहेब उठले तर खुर्चीला करमायचं नाही.”

तुमच्या फाटकाबाहेर एक टपरी आहे. तिथे पत्र्याच्या डब्यात जुने बल्ब भाड्यानं मिळतात. ‘पासिंगचे बल्ब’ म्हणतात त्यांना. टपरीवाला हसत म्हणाला, “लावा, पास करा, परत आणून द्या. साहेब आहेत तोवर माझ्या धंद्याला मरण नाही.”

मी लावले. मान खाली घालून लावले. पास नसेल तर शाळा व्हॅन आत घेत नाही आणि या मुलांना न्यायला दुसरी गाडी नाही. त्यातला एक बल्ब पेटलाय का, हे बघायला मला काचेवर हाताचा आडोसा धरावा लागला. काटा मात्र ऐटीत हिरव्यात गेला.

“चालू!”

तुम्ही मान वर न करता शिक्का मारलात.

घरी आल्यावर बायकोनं प्रमाणपत्र वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. तपासणीनंतर दिवे बदलल्यास प्रमाणपत्र रद्द. म्हणजे हे भाड्याचे मेलेले बल्ब परत न देता तसेच ठेवले तर मी कायद्यानं चोख, आणि फळीवरची पोर धुक्यात गडप. एलईडी लावले तर पोर दिसते आणि मी गुन्हेगार.

मेहुणा म्हणतो, “लावून टाका, दाजी. कोण बघतंय?” खरं आहे, तुम्ही तर बघत नाहीच. पण उद्या कुणी धडकलं, तर तुम्ही त्याच खुर्चीतून माझ्याकडे बोट दाखवाल, एवढी तुमची ओळख मला पटली आहे.

उद्या सकाळी सात वाजता मी त्या मुलीची खुर्ची फळीवर घेणार आहे. त्या वेळी माझ्या पाठीमागे कोणता दिवा असावा? आज लिहून द्या, आणि खाली सही करा.