करंगळीएवढी रेघ

मी पृथ्वीगोल बोलतोय. शाळेतला, जुना, दोन-तीन ठिकाणी पोचे आलेला. माणसं मला बघितलं की आधी गरकन फिरवतात आणि मग बोटानं थांबवून स्वतःचं घर शोधतात. सापडलं की खूश, नाही सापडलं की चूक माझी. शंभरएक वर्षं मी हेच बघत आलोय. त्याचा मला राग नाही. घर शोधावंच माणसानं. घर सापडल्यावर तो पुढं काय करतो, तिथं माझं दुखणं सुरू होतं.

पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती, तेव्हा जर्मनीतल्या लाइपझिग शहरात मी तयार झालो. पुठ्ठ्याचा पोकळ गोळा, त्यावर पांढरा गिलावा आणि त्यावर कलिंगडाच्या फाकींसारख्या छापील कागदाच्या पट्ट्या. त्या चिकटवायला बायका असायच्या. माझा पॅसिफिक महासागर लावताना एकीला जांभई आली, म्हणून तिथं अजून एक सुरकुती आहे. कुणी ती बघितलेली नाही. पॅसिफिकमध्ये घर शोधायला येतो कोण?

तिथून मी एका लहान गावातल्या शाळेत गेलो. भूगोल शिकवायला केसलर नावाचे मास्तर होते. माझ्यावर त्यांचा फार जीव. मला पुसायचं काम ते वर्गात ज्याचे हात सगळ्यात स्वच्छ त्याला द्यायचे आणि ते दरवर्षी हाना नावाच्या मुलीकडेच जायचं. ती आधी समुद्र पुसायची, मग जमीन. पुसताना गुणगुणायची. इतक्या मायेनं मला नंतर कुणी हात लावला नाही.

देश युद्ध हरलेला होता. तहात बराच मुलूख गेला होता आणि मी छापला गेलो तो त्या नव्या, आक्रसलेल्या सीमा घेऊनच. मास्तर कधी कधी माझ्यावर बोट ठेवून सुस्कारा सोडायचे, "मुलांनो, हेसुद्धा एके काळी आपलं होतं." सुरुवातीला नुसता सुस्काराच होता. पण बाहेर नोकऱ्या नव्हत्या, घराघरांत चिडचिड होती, आणि रेडिओवर एक जण ओरडून सांगत होता की तुमच्या दुःखाला अमुक लोक जबाबदार आहेत. आपल्या दुःखाचा धनी कुणीतरी असा आयता काढून दिला की माणसाला किती बरं वाटतं, ते मी त्या वर्गातल्या चेहऱ्यांवर बघितलंय. सकाळी मुलं हात ताठ पुढं करून सलाम करायला लागली. दक्षिणेला इटलीत लोक काळे शर्ट घालून हेच करत होते, असं मास्तरांनीच एकदा कौतुकानं सांगितलं.

मग वरून हुकूम आला. शाळेतल्या नकाशांवर 'खरी' सीमा दाखवावी. मास्तरांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि छापील रेघेच्या बाहेर, दुसऱ्यांच्या देशांतून, माझ्या अंगावर नवी रेघ ओढली. पहिल्यांदा त्यांचा हात थरथरला. पुढं ऑस्ट्रिया घेतला, चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडला, तेव्हा पुन्हा पेन्सिल निघाली. तोवर हात चांगलाच बसला होता.

हाना ज्यू होती. आधी ते वर्गात कुणाच्या ध्यानातही नव्हतं. पुढं तिला मागच्या बाकावर एकटीला बसवलं. एका सोमवारी मास्तरांनी विचारलं, "गोल कोण पुसणार?" तिनं सवयीनं हात वर केला. मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं आणि फडकं दुसऱ्या मुलाला दिलं. केसलर मास्तर वाईट माणूस नव्हते हो. घरी बायको आजारी होती आणि नोकरी गेली तर खायचं काय, ही धास्ती होती. थोड्या दिवसांनी हाना यायची बंद झाली. ती कुठं गेली, हे वर्गात एकानंही विचारलं नाही. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

पुढचं युद्ध तुम्हाला ठाऊक आहे. मी माळ्यावर पडून राहिलो म्हणून वाचलो. कित्येक वर्षांनी एका जर्मन इंजिनिअरनं मला जुन्या बाजारात उचललं आणि दुबईला आणून दिवाणखान्यात ठेवलं. नोकरी संपल्यावर तो मायदेशी गेला आणि त्याच्या सोफ्यांबरोबर मी शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या जुन्या फर्निचरच्या गोदामात येऊन पडलो. तिथला सुपरवायझर हम्माद. मूळ रत्नागिरीकडचा, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मालक मला फेकायला निघाला होता. हम्मादनं विचारलं, "साहेब, नेऊ का? मुलीला शाळेत कामाला येईल."

असा मी दुबईतल्या देरा भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर आलो. हम्माद, त्याची बायको अफशा आणि नववीतली इनाया. समोरच्या दारात कराचीचं कुटुंब, त्यांची यम्ना इनायाच्याच वयाची. दोघींच्या शाळा ऊद मेथा या एकाच भागात, पण वेगवेगळ्या, बस वेगळ्या. संध्याकाळी मात्र दोन्ही घरांची दारं उघडीच असायची. जेवायची वेळ झाली की कुठली मुलगी कुठल्या घरात सापडेल, याचा नेम नसे. अफशा म्हणायची, "आमच्याकडे दीड मुलगी आहे. अर्धी समोरच्यांची."

दोघींनी मला गरकन फिरवलं आणि अर्थातच घरं शोधली. दुबई माझ्यावर छापलेलीच नाही, त्यावरून खूप हसल्या. मग इनायानं मुंबईच्या खाली नखभर अंतरावर बोट ठेवलं. "रत्नागिरी समव्हेअर हिअर." यम्नाला कराची लगेच सापडली. दोन्ही एकाच गुलाबी रंगात, मध्ये काही नाही. मी छापला गेलो तेव्हा नव्हतंच तिथं काही. यम्ना म्हणाली, "अरे, हम तो एक ही कमरे में हैं." त्या दिवशी मला फार वर्षांनी बरं वाटलं.

लाल पेन्सिलही यम्नालाच दिसली. फोनचा कॅमेरा मोठा करून ती युरोप बघत होती. "इनाया, देख, यहाँ किसीने लाइन खींची है." दोघींनी पुस्तकं उलथीपालथी केली, आणि छापील सीमा कुठली, नंतरची कुठली, हे शोधून काढलं. इनायाच्या शाळेत शनिवारी इतिहासाचं प्रदर्शन होतं, विषय दोन महायुद्धांमधला काळ. तिला त्यात आपला प्रोजेक्ट सापडला. सरकती सीमा. तक्ते यम्नानं लिहिले, कारण अक्षर तिचं चांगलं. शनिवारी तिनंही यायचं आणि इनायाच्या शेजारी उभं राहून लोकांना समजावून सांगायचं, असं ठरलं. दोघी आरशासमोर उभ्या राहून तयारी करायच्या.

आणि त्याच आठवड्यात तिकडे दोन्ही देशांत बिनसलं. टीव्हीवर विमानं, धूर, ओरडणारे चेहरे. ते ओरडणं मी ओळखलं. भाषा निराळी होती एवढंच. बिल्डिंगमध्ये कुणी भांडलं नाही. लिफ्टमध्ये सलाम होत होता, विचारपूस होत होती. फक्त संध्याकाळी दारं लागायला लागली. आधी समोरचं लागलं की आधी आपलं, ते मला सांगता येणार नाही.

शुक्रवारी दुपारी इनायाच्या वर्गाच्या पालक ग्रुपवर टीचरचा मेसेज आला. प्रदर्शनातल्या प्रत्येक नकाशात भारताची सीमा बरोबर दाखवलेली हवी, नाहीतर प्रोजेक्ट घेतला जाणार नाही. सोबत नमुन्याचा नकाशाही होता. हम्माद नुकताच कामावरून आला होता. त्यानं मेसेज दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. दोघी मुली माझ्याजवळ जमिनीवर बसल्या होत्या.

"इनाया, यावर बॉर्डर नाही."

"अब्बा, इट्स फ्रॉम द नाइन्टीन ट्वेंटीज. देअर वॉज नो बॉर्डर."

"ते मला कळतं गं. बाकीच्यांना कोण सांगत बसणार? कुणीतरी फोटो काढेल, ग्रुपवर टाकेल. तिथून कंपनीत जाईल. आपलं नाव बघ, आणि दिवस बघ कसले आहेत. आपण इथं पोट भरायला आलोय."

"बट अब्बा, दिस इज एक्झॅक्टली व्हॉट माय प्रोजेक्ट इज अबाउट."

हम्माद टेबलावरचा काळा मार्कर उचलून माझ्यासमोर बसला. अफशा स्वयंपाकघराच्या दारात आली. "अहो, राहू द्या ना. जुनी वस्तू आहे. बाजूला एक चिठ्ठी लावू." तो म्हणाला, "चिठ्ठी कोण वाचतं, अफशा?" त्याचा हात थरथरत होता. पहिल्यांदा थरथरतोच, हे मला माहीत आहे.

त्यानं मार्कर लेकीपुढं धरला. "तूच काढ. तुझा हात चांगला आहे." इनायानं मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. शेवटी यम्नाच म्हणाली, "कोई बात नहीं यार. नहीं तो प्रोजेक्ट कॅन्सल हो जाएगा. तू लाइन खींच, मैं पकड़ती हूँ."

आणि तिनं मला धरलं. दोन्ही हातांनी, अगदी घट्ट, मी हलू नये आणि मैत्रिणीची रेघ वाकडी येऊ नये म्हणून. एक तळवा अरबस्तानावर, दुसरा चीनवर. इनायानं मार्करचं टोपण काढलं. वरच्या टोकाला फोनमधला नकाशा एक सांगत होता, टीचरनी पाठवलेला दुसरं. तिनं टीचरचा धरला आणि समुद्रापर्यंत रेघ आणली. माझ्या अंगावर ती जेमतेम करंगळीएवढी भरली. बांगलादेश, म्यानमार यांच्या सीमाही माझ्यावर नव्हत्याच, पण त्यांची आठवण कुणालाच झाली नाही. बरोबर नकाशा म्हणजे तेवढी एकच रेघ.

शाई वाळेपर्यंत यम्ना तशीच धरून बसली. मग हम्माद तिच्याकडे न बघता म्हणाला, "बेटा, कल तुम मत आना. अगली बार, इन्शाल्ला." ती "जी अंकल" म्हणाली, चप्पल घातली आणि गेली. हम्मादनं जेवण अर्धं टाकलं. त्याच्याकडे बघून मला केसलर मास्तरांइतकीच कीव आली आणि तितकाच रागही आला.

प्रदर्शनात इनायाला पहिलं बक्षीस मिळालं. ती काळी रेघ कुणी बघितलीसुद्धा नाही. सगळे जर्मनीवरच्या लाल रेघांभोवती जमले होते. एका परीक्षक बाईंनी तिला विचारलं, "पण इतकी शिकलेली माणसं, त्यांनी हे होऊ कसं दिलं?" इनाया घडाघडा बोलणारी मुलगी. "आय डोन्ट नो, मॅम," एवढंच ती म्हणाली. तिला माहीत होतं.

त्यानंतर यम्ना आमच्या घरी आलेली नाही. तिकडचं भांडण थांबलं, टीव्ही शांत झाला, लिफ्टमधले सलाम चालूच आहेत. दारं मात्र लागायची ती लागतातच. आज इनायानं नेलपॉलिश काढायचं औषध कापसावर घेतलं आणि ती रेघ पुसायला बसली. हळूच घासलं, मग जोरात घासलं. रेघ गेली. पण तिच्यासोबत शंभर वर्षांचा कागदही निघून आला. कराची गेली, कच्छ गेलं, गुलाबी रंग गेला. आता तिथं गिलाव्याचा पांढरा डाग आहे आणि पोरगी त्यावर हात ठेवून मघापासून रडते आहे.

इनाया, मला वाचा असती तर मी त्या वर्गातच बोललो असतो. हाना कुठं आहे, एवढंच विचारलं असतं. माझं अंग आता पहिल्यासारखं होणार नाही आणि झालं तरी त्याचा तुला काय उपयोग? मी कागदाचा आहे. यम्ना समोरच्या दारामागं आहे, जिवंत आहे, तिला जाऊन विचारता येतं. अब्बा काय म्हणतील, तिची अम्मी दार उघडेल का, हा विचार करत बसलीस तर उद्याही बसशील आणि परवाही. ऊठ बाळा. चप्पल घाल आणि बेल दाब.