बिनपगारी उमेदवारी

लेक सुट्टीभर जनावरांच्या दवाखान्यात बिनपगारी उमेदवारी करत होती आणि बाबांचं पालुपद एकच होतं, "चालू दे, भाज लष्कराच्या भाकऱ्या." ती पिंजरे धुवायची, फरशी पुसायची आणि मांजराला सुई टोचली की स्वतःच डोळे मिटायची. पण लहानपणापासून तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं आणि नातेवाइकांत तसा डंकाही पिटून झाला होता.

आज एक कुत्रा इतका केविलवाणा दिसला, की सुई टोचायच्या आधीच तिने त्याच्या तोंडाची जाळी सोडली. तो डॉक्टरांच्या अंगठ्याला कडकडून चावला.

अंगठ्याला पट्टी बांधत डॉक्टर म्हणाले, "पोरी, माया चांगलीच, पण इथे ती आवरून धरावी लागते. जमेल तुला?"

"नाही," ती म्हणाली आणि तिलाच एकदम हलकं वाटलं.

घरी चपला काढतानाच तिने सांगून टाकलं, "बाबा, मला नाही व्हायचं डॉक्टर." आता आकाश कोसळणार म्हणून ती दारातच थांबली.

बाबांनी ऑफिसची बॅग खाली ठेवली.

"सुटलीस बाई," ते म्हणाले. "माझ्या नोकरीबद्दल मला हे कळेपर्यंत केस पिकले. तुला फुकटात कळलं."