वहिनीचा पहिला चाकू

चाकू घ्यायला नणंदेला सोबत न्यायचं म्हणजे जरा अतीच झालं, हे वहिनीलाही कळत होतं. ज्याच्या भीतीने चाकू घ्यायचा, तो नणंदेचा सख्खा भाऊ. पण नवऱ्याचं घर सोडल्यापासून त्या घरातलं तिच्याशी धड बोलणारं हे एकच माणूस उरलं होतं, आणि एकटीने दुकानाची पायरी चढायचा धीर होत नव्हता.

"घरासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"क्लाससाठी." गॅरेजच्या वरच्या हॉलमध्ये ती स्वसंरक्षण शिकत होती. आता चाकूचे धडे सुरू होणार होते.

दुकानदाराने रबरी चाकू पुढे केला. "सुरुवात सगळे यानेच करतात."

"हा द्याच. पण एक खराही दाखवा. पर्समध्ये मावेल असा."

त्याने एकवार तिच्याकडे निरखून पाहिलं आणि घडीचे चाकू काउंटरवर मांडले. पहिला जड होता, दुसऱ्याची स्प्रिंग बोटांना आवरेना. तिसरा मात्र मुठीत नीट बसला. खटकन पातं उघडलं तशी नणंद दचकली.

"वहिनी, तुझ्याने नाही होणार हे."

"काल तो आमच्या चष्म्याच्या दुकानासमोर उभा होता. माझ्या हातातून गिऱ्हाइकाची फ्रेम पडली. होईल की नाही ते माझं मी बघेन."

नणंदेने तिच्या हातातला चाकू काढून ठेवला आणि रबरी दिला. "हा धर. मी म्हणजे तो, असं समज."

वहिनी क्लासमध्ये शिकवल्यासारखी पाय रोवून उभी राहिली. नणंद मात्र अंगावर आलीच नाही. "बरं बाई, तुझंच खरं," म्हणत तिने पाठ फिरवली. वहिनीचा हात सैल पडला, आणि त्याच क्षणी नणंद गर्रकन वळली. तिने वहिनीचे केस मुठीत धरले, मनगट पिरगाळलं, आणि रबरी टोक वहिनीच्याच हनुवटीखाली टेकलं.

"आधी माघार घेतल्यासारखं करतो," नणंद धापा टाकत म्हणाली. "मग धरतो."

"तुला कसं ठाऊक?"

"तू घरात यायच्या आधी त्याच्या तावडीत कोण होतं, वहिनी?"

तेवढ्यात दार ढकलून तोच आत आला. न्यायालयाने तिच्या जवळपास फिरकायची बंदी घातलेली, तरी चेहऱ्यावर हसू होतं.

वहिनीचा हात आपसूक उघड्या पात्याकडे गेला. नणंदेने तो घट्ट दाबून धरला. "नको," ती पुटपुटली. "तू आत जाशील, आणि सगळे त्याच्या उशाशी बसतील."

वहिनीने हात मागे घेतला. "पोलिसांना बोलवा," ती दुकानदाराला म्हणाली. त्याने चाकू खाली सरकवले आणि फोन उचलला.

"कशाला तमाशा?" तो मवाळपणे म्हणाला. "तुला नको असेल तर निघतो मी." आणि त्याने पाठ फिरवली.

या वेळी वहिनी सैल पडली नाही. दबकत ती काउंटरच्या पलीकडे गेली. तो झपकन वळला, तिच्या केसांसाठी त्याने हात टाकला, आणि हाती काहीच लागलं नाही. तोल जाऊन तो काउंटरवर आदळला.

"मागे हो!" वहिनी ओरडली. तिचा तो आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. शेजारच्या दुकानांतली माणसं धावत आली. त्यांनी दार अडवलं, त्याला बाहेर पडता येईना. कुणाला हसून दाखवू, कुणाला दरडावू, हेही त्याला सुचेना. पोलीस येईस्तोवर त्याचा मवाळपणा पार उतरला होता.

चौकीत नणंदेचा फोन सारखा वाजत होता. आई. तिने तो बंद करून टाकला.

"तुमचं त्याच्याशी नातं?" हवालदाराने विचारलं.

"सख्खी बहीण." ती घोटभर पाणी प्यायली. "आज काय झालं ते सांगतेच. पण मी आठवीत होते तिथपासून सांगू का?"

हवालदाराने खुर्ची पुढे ओढली. वहिनी नणंदेच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.