तंबूची चौथी बाजू

टेलरमास्तरांनी मेव्हण्याला फरशीवर उताणं झोपवलं, टेपचं एक टोक त्याच्या डोक्याशी अंगठ्याने दाबून धरलं आणि दुसरं टाचेपर्यंत ओढत म्हणाले,

"पोट आत ओढू नका. श्वास सोडा. खरं माप येऊ द्या."

टेप हातात आला की मास्तर सगळ्यांनाच अहोजाहो करत. समोर बायकोचा धाकटा भाऊ असो की गल्लीतलं शेंबडं पोर.

"दाजी, तंबू शिवताय की मला सूट?" मेव्हणा छताकडे बघत म्हणाला. "तंबूला पोटाचं माप कशाला लागतं?"

"तुमचं पोट झोपल्यावर उठून बसतं. छताला टेकलं तर?"

आतून भांडी विसळण्याचा आवाज थांबला आणि हसण्याचा आला. ते हसणं सिस्टरचं. मास्तरांची बायको इस्पितळात अपघात विभागात नर्स होती, नुकतीच निवृत्त झाली होती. अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, आणि ती रागावली की मास्तरही गुपचूप सिस्टरच म्हणायचे.

बेत सगळा तिचा होता. तिच्या माहेराजवळ झऱ्यांची नदी होती. मुलूख सपाट, उष्ण, ओलसर. डोंगर औषधालाही नाही. तिथली नदी वरून वाहत येत नाही, जमिनीतूनच उगवते. खडकातल्या भोकांतून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येतं आणि हात घालावा तर गार. तळाची वाळू नाचताना दिसते इतकं नितळ. थंडीत तेच पाणी उबदार लागतं. देवाने एखादी गोष्ट हौसेने करायला घेतली की ती अशी होते, त्यात माणसाला दुरुस्ती सुचत नाही. सिस्टर चालायच्या आधी त्या पाण्यात पोहायला शिकली, असं तिचा भाऊ सांगे. त्यातलं निम्मं खोटं धरलं तरी पुष्कळ उरतं.

लग्नानंतर मात्र तिचं पोहणं राहिलं ते राहिलंच. कधी रात्रपाळी, कधी मुलांच्या परीक्षा, कधी सासूबाईंचं दुखणं. "पुढच्या वर्षी नक्की," हे मास्तरांचं दरवर्षीचं आश्वासन. आता पुढच्या महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर पाण्यात कधी उतरता येईल, उतरता येईल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. जायचं तर या महिन्यातच जायचं होतं.

मेव्हणा शाळेची बस चालवायचा. गाडी माझी, चूल माझी, तयार तंबूही मीच आणतो, असं तो म्हणाला होता. तिथे मास्तरांचा स्वाभिमान जागा झाला.

"टेलरच्या घरात रेडिमेड तंबू? उद्या लोक मला शर्टाचं बटण तरी लावायला देतील का?"

तीन बाजू तर त्यांनी बघता बघता शिवल्या. जाड कापड, दुहेरी शिवण, कोपऱ्यांना कातड्याचे तुकडे. गल्लीतली माणसं घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात डोकावून हात लावून बघून जात. आणि मग चौथ्या बाजूशी काम अडलं. आधी मशीनची सुई मोडली. मग दोऱ्याचा रंग जुळेना. मग दाराची चेन हवी तेवढ्या लांबीची मिळेना.

खरं सांगायचं तर मास्तरांना पाण्याचं भय होतं. बादलीतल्या नव्हे, तळ लांब असलेल्या पाण्याचं. पण तेवढंच असतं तर त्यांनी कबूल केलं असतं. रोज मशीनवर बसलं की त्यांना एकच चित्र दिसायचं: सिस्टर पाण्यात शिरली आहे, मासळीसारखी लांब लांब जाते आहे, मागे वळून बघायचं तिला भानच नाही, आणि काठावर आपण उभे, हातात तिच्या चपला. इतकी वर्षं एका घरात काढली, पण ती जिथे सर्वांत खुश असते तिथे आपल्याला घोट्याएवढंसुद्धा जाता येत नाही, ही गोष्ट त्यांना कुठल्याच मापात बसवता येत नव्हती.

"तिथे मगरी असतात म्हणे," एकदा जेवताना त्यांनी सहज सोडून दिलं.

"असतात," सिस्टर म्हणाली. "लाजाळू असतात बिचाऱ्या. तुमच्यासारख्या."

"आणि डास?"

"डास मात्र लाजत नाहीत. अहो, माझ्या पोहायच्या पोशाखाचं काय झालं?"

"तसलं ताणणारं कापडच येत नाही हल्ली बाजारात," मास्तर ताटात बघत म्हणाले. कापड दुकानात वरच्या फळीवर, कागदात गुंडाळून पडलं होतं.

एके दिवशी मेव्हणा तंबू बघायला येतो म्हणाला, तेव्हा लाजेकाजेस्तव मास्तरांनी दाराची फट तेवढी सोडून चौथी बाजू शिवून टाकली. तो वाहवा करून गेला. तो जाताच त्यांनी ती उसवली. शिवण वाकडी आली होती, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आयुष्यात त्यांची शिवण वाकडी आलेली नव्हती.

संध्याकाळी सिस्टरने त्यांच्या कॉलरवरून दोऱ्याचा एक कुरळा तुकडा उचलला. उसवलेला दोरा सरळ होत नाही, शिवणीची वळणं धरूनच राहतो. तिने तो दिव्याशी धरून पाहिला, खिडकीबाहेर टाकला आणि म्हणाली,

"चहा घेणार का?"

दुसऱ्या दिवशी मास्तर चेन शोधायला म्हणून बाजारात गेले आणि तीन दुकानांत हवी ती चेन मिळत असताना रिकाम्या हाताने परत आले. तंबू मशीनवर नीट घडी करून ठेवलेला होता. घडी त्यांची नव्हती. त्यांनी कापड उलगडलं.

चौथी बाजू बंद होती.

मशीनचं काम नव्हतंच ते. जाड काळा दोरा, प्रत्येक टाका सुटा, प्रत्येकाला वेगळी गाठ, गाठीवरची दोन टोकं बोटभर नाही की नखभर नाही, सगळी सारखी कापलेली. कुठलाही टेलर अशी शिवण घालणार नाही. पण मास्तरांनी ती ओळखली. तरुणपणी कात्री निसटून त्यांचा अंगठा फाटला होता, तेव्हा इस्पितळातल्या एका नव्या नर्सने तो असाच शिवला होता. "हलू नका," म्हणाली होती, "आणि आठ दिवस पाणी लावायचं नाही." पट्टी बदलायला डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळा ते गेले होते. टेपचं टोक दाबायचा अंगठा तो हाच; व्रण अजून होता.

त्यांनी त्या अंगठ्याने शिवण वरपासून खालपर्यंत चाचपली. सुरकुती नव्हती. चौथ्या बाजूला दाराच्या चेनसाठी जागा सोडायची असते हे सिस्टरला कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे तंबूत शिरायला आता वाटच उरली नव्हती. बाकी काम चोख.

"अगं," त्यांनी आत वळून विचारलं, "याला आठ दिवस पाणी लावायचं नाही ना?"

आतून नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"ते जखमेला," सिस्टर म्हणाली. "तंबूला चालतं."

मास्तर स्टुलावर चढले. वरच्या फळीवरचा कागद खाली काढला, धूळ फुंकली, निळं कापड मशीनवर पसरलं आणि टेप गळ्यात अडकवून दारात जाऊन उभे राहिले.

"हात वर करा."

सिस्टरने ओले हात पदराला पुसले आणि वर केले. मास्तरांनी माप घेतलं. एकदा घेतलेलं पुन्हा घेतलं. खडू कानामागे अडकवून ते वळणार, एवढ्यात तिने त्यांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला आणि त्यांच्याच छातीभोवती फिरवला.

"हे कशाला?"

"लाइफ जॅकेटला. भाऊ आणतोय, त्याला माप हवंय."

"पण मी कुठे पाण्यात..." म्हणता म्हणता मास्तरांनी नकळत छाती फुगवली.

"फुगवू नका," सिस्टर म्हणाली. "श्वास सोडा. खरं माप येऊ द्या."

मास्तरांनी श्वास सोडला.