सत्त्याऐंशी करप्ट फाइली

लॅपटॉप सुरू होत नव्हता, पण गप्पही बसत नव्हता. बटण दाबलं की आतून टिक, टिक, टिक असा आवाज यायचा आणि पडदा काळाच राहायचा. पायलला तो आवाज फार आवडला. दहा महिन्यांच्या मुलीला आवडणाऱ्या गोष्टी बहुधा घराच्या नुकसानीच्याच असतात.

माझा नवरा ऋषी आयटीत आहे. त्याने लॅपटॉप कानाला लावला, डॉक्टरसारखा चेहरा केला आणि म्हणाला, "हार्डवेअर आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे." आणि कंपनीची बस गाठायला पळाला.

लॅपटॉपच्या आत माझ्या सासऱ्यांची, नानांची, सत्त्याऐंशी माणसं होती.

नाना चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एक काम काढलं. छप्पन साली दौंडच्या बाजूच्या आमच्या गावातून आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतून नागपूरला जाऊन जे दीक्षा घेऊन आले, त्यांतल्या हयात माणसांना दर रविवारी गाठायचं. कुणी येरवड्यात, कुणी ताडीवाला रोडला, कुणी बिबवेवाडीत मुलाच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर. नाना वहीत लिहून घ्यायचे. नाव, गाव, तेव्हाचं वय, कसे गेलात, बरोबर काय खायला होतं, परतल्यावर गाव काय म्हणालं. पाच वर्षांचे रविवार त्यात गेले.

टायपिंग माझ्याकडे आलं, कारण मराठी टायपिंगची तीसची परीक्षा घरात मी एकटीच पास आहे. पायल पोटात असताना चाळीस माणसं झाली. उरलेली ती झोपल्यावर. एका माणसाला तिच्या साधारण दोन झोपा लागायच्या. बोलका माणूस असला तर तीन.

एक माणूस टाइप झाला की नाना चष्मा लावून पडद्यावर तपासायचे. काना-मात्रा नीट असली की वहीतली ती पानं आधी उभी फाडायचे, मग आडवी, आणि रद्दीत टाकायचे.

"नाना, राहू द्या ना वह्या," मी एकदा म्हटलं.

"फेअर झालं की रफ ठेवायचं नाही. दोन कागद असले की घोळ होतो."

"पण समजा..."

"चौतीस वर्षांत माझ्या टेबलावर एकदाही घोळ झालेला नाही, तनुजा."

कॉपी ठेवायला मी ऋषीकडून पेनड्राइव्ह मागवला होता. त्याने आणला. येता येता त्यात गाणी भरून आणला, आता जागा नाही म्हणाला.

टिकटिक सुरू झाली त्या दिवसापर्यंत सत्त्याऐंशींतली एकेचाळीस माणसं गेली होती. त्यांना पुन्हा विचारायची सोय नव्हती.

सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वर श्याम यांचं दुकान आहे. फक्त डेटा रिकव्हरी. त्यांनी लॅपटॉप उघडला, आतली डिस्क बाहेर काढली, पायलकडे पाहिलं आणि विचारलं, "पाडला कुणी?"

"कुणीच नाही."

"कुणीच पाडत नाही. एवढे लॅपटॉप येतात, सगळे आपोआप पडतात. शनिवारी या. आणि फोन करू नका, फोनने डिस्क लवकर बरी होत नाही."

शनिवारी मी, नाना आणि माझ्या कडेवर पायल असे तिघं गेलो. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काउंटरशी एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या मुलाच्या लग्नाचं शूटिंग श्याम यांच्या कॉम्प्युटरमध्ये उतरत होतं. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती आणि गृहस्थ ती वरातीकडे पाहावं तशी पाहत होते.

श्यामनी माझ्यासमोर एक डीव्हीडी ठेवली. "नशीबवान आहात. एकदाच चालली डिस्क. सगळं ओढून घेतलं, मग मेली. सहाशे बारा फोटो आणि गाणी."

"आणि मराठी फाइली?"

"मराठी एकही नव्हती."

"वर्डच्या. सत्त्याऐंशी."

"हां, त्या. त्या करप्ट होत्या. उडवल्या."

नाना शांतपणे म्हणाले, "उडवल्या म्हणजे?"

"म्हणजे उडवल्या, आजोबा. शिफ्ट दाबून. करप्ट माल मी गिऱ्हाइकाला देत नाही. घरी जाऊन उघडतात आणि मग माझ्याशी भांडायला येतात. हे बघा, पुरावा ठेवलाय."

काउंटरच्या काचेखाली एक छापलेलं पान होतं. इंग्रजी अक्षरं, मध्येच टक्क्याची खूण, स्वल्पविराम, कंस, पुन्हा अक्षरं. एकाही शब्दाला अर्थ नव्हता.

"सगळ्या फाइली अशाच," श्याम म्हणाले. "आणि गंमत बघा, प्रत्येकीची सुरुवात सेम. यू, के, ओ. व्हायरस आपली सही करून जातो."

नाना त्या पानाकडे पाहत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पान तसंच राहिलं. मग त्यांनी काउंटरची कड धरली. एवढंच. पण चौतीस वर्षं ज्याच्या टेबलावर घोळ झाला नाही, त्या माणसाने काउंटरची कड धरलेली मला बघवेना, म्हणून मी खाली पानाकडे पाहिलं.

यू, के, ओ.

डाव्या कडेवर पायल होती. उजवा हात मोकळा होता. काचेवर तो आपोआप टायपिंगला ठेवतात तसा ठेवला गेला. यू म्हणजे अंगठ्याशेजारचं बोट. के म्हणजे मधलं. ओ म्हणजे करंगळीशेजारचं. एक, दोन, तीन. न, काना, व.

"नाव," मी म्हटलं.

"कुणाचं?" श्यामनी विचारलं.

"कुणाचं नाही. इथे 'नाव' असं लिहिलंय. नाना, हिला घ्या जरा."

पायलला नानांकडे दिलं, कारण पुढच्या अक्षरांना डावा हात लागणार होता. जे, के, ई, के. मी काचेवर बोटं आपटली. र, काना, म, काना.

"रामा," मी म्हटलं.

"रामा?" नानांचा आवाज एकदम कचेरीतला झाला. "तिसऱ्या वहीतला. पत्र्याच्या शाळेमागे राहायचा. पुढे लिहिलं असेल, जाताना भाकरीबरोबर नुसती मिरची होती."

मी पुढची ओळ वाजवली. नंतरचीही. भाकरी आली. मिरचीही आली.

पुस्तक छापणाऱ्या प्रेसवाल्यांना अजून जुनाच फॉन्ट लागतो, म्हणून मी त्याच फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. त्यात फाइल आतून इंग्रजी अक्षरांचीच असते, वरून मराठीचं कातडं चढवलेलं. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही, तिथे कातडं निघतं आणि टाइप करताना मी कुठली बटणं दाबली तेवढं दिसतं. बाकीच्यांना तो कचरा वाटतो. माझे ते चौदा महिने होते.

मी हे श्यामना सांगितलं. ते पानाकडे पाहत होते. मग कॉम्प्युटरकडे. हिरवी पट्टी निम्म्याच्या पुढे गेली होती. ते उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी कॉम्प्युटरचा प्लग ओढून काढला.

पडदा काळा झाला.

"अहो!" गृहस्थ ओरडले. "लग्न चाललं होतं ना आत!"

"तेच थांबवलं."

"पण सप्तपदी..."

"तुमची सप्तपदी तुमच्या कॅमेऱ्यात सुखरूप आहे. यांची माणसं माझ्या डिस्कवर आहेत." ते माझ्याकडे वळले. "उडवलं म्हणजे लगेच जात नाही. जागा फक्त मोकळी म्हणून लिहिली जाते. वरून दुसरं काही उतरलं की मग जातं. यांचं लग्न कधीपासून उतरतंय?"

"अर्धा तास झाला," गृहस्थ म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "जेवणावळी जड आहेत जरा."

श्यामनी शटर अर्धं खाली ओढलं. मग लोकांच्या डिस्कना जे करतात तेच स्वतःच्या डिस्कला केलं, उघडून बाहेर काढली. आम्हाला म्हणाले, "मंगळवारी या." थोडं थांबून म्हणाले, "फोन केला तरी चालेल."

मी केला नाही. नानांनी रविवारी दोनदा आणि सोमवारी तीनदा केला.

मंगळवारी मी प्रेसमधून फॉन्टची सीडी घेऊन गेले. श्यामनी फॉन्ट चढवला आणि पहिली फाइल उघडली. यू, के, ओ क्षणभर दिसले आणि त्यांच्या जागी नाव आलं. श्याम ते पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत बसले. बाहेर दोन गिऱ्हाइकं आली, उभी राहिली, खोकली. ते वाचत राहिले.

"चौऱ्याऐंशी निघाल्या," ते शेवटी म्हणाले. "तिघांवर लग्न बसलंय. खूप खटपट केली, नाही निघाले." माझ्याकडे न बघता त्यांनी दोन डीव्हीड्या पुढे केल्या. "एक घरात ठेवा. एक दुसऱ्याच्या घरात. तुमच्या मिस्टरांकडे देऊ नका."

घरी येऊन नानांनी यादी लावली. तिघांपैकी एक कोंडीराम, एक श्यामलाबाई. कोंडीराम मागच्या थंडीत गेले आणि श्यामलाबाई त्याच्याही आधी. त्यांचं जेवढं आम्हा दोघांना आठवलं तेवढं मी लिहून घेतलं. श्यामलाबाईंच्या दीड पानांतल्या सहा ओळी भरल्या. नानांनी पेन्सिलने खाली लिहिलं, "बाकी मजकूर आमच्याकडून हरवला." ते तसंच छापायचं म्हणाले.

तिसरे नाना स्वतः होते.

त्यांचं मला पाठ होतं, कारण ते फार छोटं होतं. "वय दहा. वडिलांसोबत गेलो. दीक्षा घेतली. परत आलो."

"हेच लिहू ना पुन्हा?" मी विचारलं. दुपार होती. पायल नुकती झोपली होती. ऋषीचा ऑफिसातून आणलेला दुसरा लॅपटॉप माझ्या मांडीवर होता.

"हेच." नाना म्हणाले. मी चारही वाक्यं टाइप केली. ते पाळण्याची दोरी धरून बसले होते. पाळणा हलवायची गरज नव्हती, तरी हलवत होते.

"शर्टाचं लिहिलं होतं का मी?"

"नाही."

"पांढरे कपडे घालून या असं सांगितलं होतं. आमच्याकडे पांढरं काहीच नव्हतं. शिंपी आमच्या मापाला हात लावायचा नाही, म्हणून आईने धोतराचं फाडून हाताने शिवला. तिने आयुष्यात शर्ट शिवला नव्हता. एक बाही कोपरापर्यंत झाली, एक मनगटापर्यंत." त्यांनी पाळण्याला झोका दिला. "हे घ्यावं का? विषयाशी संबंध नाही तसा."

"बाकीच्यांना तुम्ही विचारलंत तेव्हा विषयाशी संबंध पाहिला होता का?"

"ते वेगळे."

मी बोटं बटणांवर ठेवून बसले.

"लिही मग," नाना म्हणाले. "आणि वडिलांनी मला सांगितलं, लांब बाहीचा हात माझ्या हातात दे, म्हणजे लोकांना तोच दिसेल. तसे आम्ही पहाटे गावातून निघालो. सगळ्या रस्त्याने. त्यांनी हात सोडला नाही."

पायल तासाभराने उठली. तोपर्यंत दोन पानं झाली होती आणि आम्ही अजून दौंडच्या फलाटावरच होतो. गाडी यायची होती.