दिजाँचे तीन दिवस

दिजाँला जायचं हे ओडीलच्याच डोक्यातून निघालं होतं. रोलाँ बंदरावरच्या क्रेनवरून निवृत्त झाला त्याला बारा वर्षं झाली होती, ती शाळेच्या खानावळीतून सुटली त्याला नऊ. तरी दोघं ल हाव्रचा समुद्र सोडून आत कुठे म्हणून गेले नव्हते, अशी तिची तक्रार होती. बेत साधा होता. एक दिवस शहर, एक दिवस आसपासचे द्राक्षमळे, तिसऱ्या दिवशी परत.

"पॅरिसला एका स्टेशनावर उतरून दुसऱ्यावर जायला किती वेळ धरू?" तिने विचारलं. टेबलावर वेळापत्रक, नकाशा आणि कॉफीचे दोन वाडगे अशी दाटी झाली होती.

"तासभर धर. आणि हॉटेल मंडईमागचं नको घेऊस. तिथला जिना एवढा चिंचोळा आहे की बॅग आडवी करून न्यावी लागते. मागच्या वेळी तू पायरीवर बसूनच राहिली होतीस."

ओडीलची पेन्सिल थांबली. "मागच्या वेळी म्हणजे?"

रोलाँने वाडगा तोंडाला लावला. बराच वेळ तो कॉफी पीत राहिला.

"आपण दिजाँला कधी गेलो होतो रे?"

"नसू गेलो. दुसरं कुठलं तरी गाव असेल. वय झालं आता, काय ते." एवढं बोलून तो पाव आणायला निघून गेला. फडताळात कालचा अख्खा पाव होता.

तिला काही कळेना. रोलाँ विसराळू नव्हता. कुठल्या साली कुठलं जहाज धक्क्याला लागलं ते तो आजही धडाधड सांगे. मग हा जिना आला कुठून? आणि पायरीवर बसलेली बाई कोण? मनात शंकेची पाल चुकचुकली, तिचं तिलाच हसू आलं, पण पाल काही गप्प बसेना. तिने एकेक साल बोटांवर मोजलं. लग्न, ही खोली, ते घर, लेक फ्लोराँसचा जन्म, सासूबाईंचं आजारपण. यात दिजाँ कुठेच बसत नव्हतं. मग वाटलं, विसरत तर मीच नसेन? तिने घाईघाईने शेजाऱ्यांची नावं, आठवड्याची औषधं, नातवाचा वाढदिवस घोकून पाहिला. सगळं जागच्या जागी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नणंदेला गाठायला मासळीबाजारात गेली. जिनेत शिंपल्यांच्या टोपलीसमोर उभी राहून विक्रेत्याशी हुज्जत घालत होती.

"जिनेत, तुझा भाऊ कुणाबरोबर दिजाँला गेला होता?"

जिनेतने वळून तिच्याकडे पाहिलं आणि हातातले शिंपले टोपलीत परत टाकले. "कुणाबरोबर म्हणजे? तुझ्याबरोबर."

"मी नाही गेले."

"चल, बसू कुठेतरी."

कोपऱ्यावरच्या कॅफेत जिनेतने न विचारताच दोघींसाठी कॉफी आणि कॅल्व्हादोस, सफरचंदाची कडक दारू, मागवली. सकाळचे दहा वाजले होते.

"पहिल्या बाळाच्या वेळचं तुला काय काय आठवतं?" तिने विचारलं.

ओडीलला एत्येन आठवत होता. दोन दिवस जगला होता. इस्पितळाची हिरवी भिंत, नर्सच्या हातावरचं घड्याळ, हेही आठवत होतं. मग एकदम नाताळ, सासूबाईंच्या घरी, कुणीतरी संत्रं सोलून हातात दिलेलं. मधले दिवस आपण घरीच काढले असणार, असं तिने इतकी वर्षं धरूनच ठेवलं होतं. कधी विचारलं नव्हतं.

"तू खायचं सोडलं होतंस," जिनेत म्हणाली. "रोलाँ चमच्याने सूप भरवायचा, ते तोंडातून ओघळायचं. आई म्हणाली वेड्यांच्या इस्पितळात ठेवा. तो म्हणाला, आधी हिला समुद्रापासून लांब नेतो. रजा काढली आणि गेला घेऊन. तिथून मला फोन केला, रडत होता. म्हणाला, आज हिने वाइनच्या रश्शातलं अंडं खाल्लं, अख्खं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तू कधी नाव काढलं नाहीस. आम्हाला वाटलं, तुला बोलायचं नाही."

घरी आली तेव्हा रोलाँ बटाटे सोलत होता. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने सुरी खाली ठेवली.

"जिनेतला भेटलीस."

"सांग मला."

त्याने सांगितलं, पण तुकड्यातुकड्यांनी. द्राक्षांची तोडणी संपली होती, पानं पिवळी पडली होती. मळ्यातल्या एका बाईने वेलीवर राहिलेला घोस तोडून दिला. ओडीलने तो उभ्याउभ्या बियांसकट खाल्ला आणि विचारलं, आज वार कोणता? त्या दिवसापासून ती हळूहळू परत आली.

ओडीलने डोळे मिटले. पिवळी पानं डोळ्यांपुढे आणली, पण ती कुठल्यातरी चित्रातली होती. त्या बाईला चेहराच येईना. इतका चांगला दिवस आपल्या वाट्याला आला आणि आपण तिथे नव्हतो, असं काहीतरी तिला वाटलं. राग आला. कुणावर, ते समजेना.

"दिजाँ मीच काढलं की रे," ती म्हणाली. "शंभर गावं होती. का काढलं असेल मी?"

"तेच मी आठवडाभर स्वतःला विचारतोय. वाटलं, तुला सगळं आठवलंय आणि तू मला आडून सांगतेयस."

"नाही आठवत."

"मग नको जायला?"

तिने सुरी उचलली. उरलेले बटाटे तिने सोलले. जेवणं झाल्यावर स्टेशनाजवळच्या एका हॉटेलचा नंबर फिरवला. मंडईमागचं केव्हाच बंद पडलं होतं, रोलाँने कालच गुपचूप चौकशी केली होती. पलीकडून एका मुलीने तारखा लिहून घेतल्या, मळ्यांना जाणाऱ्या गाडीच्या वेळा सांगितल्या, आणि विचारलं, पहिल्यांदाच येताय का?

ओडीलने फोन छातीशी धरला. "काय सांगू?"

"काहीही सांग," रोलाँ म्हणाला.

"माझे यजमान येऊन गेलेत," तिने मुलीला सांगितलं. "ते दाखवतील."

मग मुलीने सकाळच्या नाश्त्याचं काहीतरी विचारलं, पण ओडीलचं लक्षच नव्हतं, तिला ते मुलीकडून आणखी दोनदा वदवून घ्यावं लागलं.