भूपेंद्र साहेबाचं चोख पाणी

आमचे भूपेंद्र साहेब लय हुशार. एवढे हुशार का त्याईले कोणाचं ऐकावंच लागत नाही.

बोरगावजवळच्या आमच्या कारखान्यात नळाच्या तोट्याईले निकेलचा मुलामा देतात. धुण्याचं पाणी माह्या टाकीत येते. त्यात चुना टाकायचा, गाळ खाली बसू द्यायचा अन् वरचं पाणी नदीत सोडायचं, हे माह्यं काम. पण नुसत्या चुन्यानं सारं निकेल निघत नाही. फिल्टर आणा म्हणून दोन वर्षं मी साहेबाच्या मागं लागून राहिली. "पाहू पुष्पाबाई," एवढंच.

खालच्या अंगाले नदीच्या पाण्यावर आमच्या घरची पालक. ती पिवळी पडून राहिली, तवा माह्या नवऱ्यानं, सुखदेवनं, वाफे तसेच पडू देले. मले काही बोलले नाही ते. बोलले असते तर बरं झालं असतं. पाणी तं मीच सोडत होती न.

मंग प्रदूषण खात्याच्या शिवानी मॅडम आल्या. "नदीत सोडता त्या पाण्याची बाटली दर महिन्याले भरून लॅबले पाठवा. सहा महिन्याचे आकडे पाहून तुमच्या कारखान्यानं किती निकेल सोडायचं त्याची मर्यादा ठरवू. तुमच्यानं जेवढं साफ होते, तेवढं करावंच लागंल."

साहेब मोबाइलमंधी डोकं घालून बसले होते. मी कान देऊन होती.

मॅडम गेल्या अन् साहेबानं केबिनमंधल्या पिण्याच्या पाण्याची कॅन दाखवली. "बाटली याच्यातून भरा. आपलं पाणी एकदम चोख दिसलं पाह्यजे."

मी भरली. सहा महिने भरली. एकदा तं साहेबानं सोताच भरली अन् वरून कॅन थंडी आहे का नाही तेही पाह्यलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही खोटं नाही बाप्पा.

सातव्या महिन्यात मॅडम कागद घेऊन आल्या. साहेब वाचता वाचता उभेच राहिले. शेजारच्या कारखान्यापेक्षा तीस पट कडक मर्यादा.

"मॅडम, एवढं साफ तं पिण्याचं पाणी असते."

"तुम्ही तसंच पाठवत होते. सहाही महिने. पुढच्या महिन्यापासून बाटली आम्ही येऊन भरू. नदीत पाणी सुटते तिथं."

आता साहेब सांगतील काय? कॅनचं पाणी होतं म्हणून? सही केली.

मॅडमची गाडी गेली तसे माह्याकडं वळले. "तुमाले माहीत होतं?"

"हाव."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं न साहेब. दोन वर्षं झाले, फिल्टर आणा म्हणून."

साहेबानं माह्यासमोरच नागपूरले फोन लावला. दोन फिल्टर सांगतले. एकानं भागत नाही म्हणे.

घरी गेली. सुखदेव ओट्यावर बसले होते. म्हटलं, फिल्टर बसले का वाफ्याईची माती पालटून घेजा, अन् पालक पेरजा.